कथेबाहेरची केतकी

"डॉक्टर, तुम्ही थांबणार नाही ना? दोनच पानं घेतलीत मी."

"छे छे मॅडम! दवाखान्यात दोन पेशंट तोंड उघडून बसलेत, ती मिटवायला जायला पायजे." दातांचे डॉक्टर गुळमिरे स्वतःच्या विनोदावर स्वतःच खळखळून हसले आणि स्कूटरला किक मारता मारता मला म्हणाले, "सर, निवांत जेवा, जरा आडवे व्हा. साडेपाचला न्यायला येतो. मॅडम आमच्या मंडळाच्या नव्या सभासद आहेत बरं का. सरांचं जेवण माझ्याकडंच, असं म्हणून भांडून घेतलंय त्यांनी."

स्कूटर गेली. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. बार्शीचं मे महिन्यातलं ऊन डोळ्यांत भरलेलं, त्यामुळे आतल्या काळोखात उभ्या असलेल्या बाई मला धड दिसत नव्हत्या. आवाज मात्र ऐकला होता, आणि तो ओळखीचा होता.

"आत ये अरविंद," बाई म्हणाल्या. "चपला आतच काढ. बाहेर ठेवल्यास तर जाताना पाय पोळतील."

ती उज्ज्वला होती. माझी बायको. म्हणजे एकोणीस वर्षांपूर्वीपर्यंत होती.

ही गोष्ट दोन हजार आठ सालची. त्या काळी मी कथाकथन करत गावोगाव हिंडत असे. पोस्टातल्या नोकरीतून लवकर निवृत्ती घेतली होती आणि एका कथेवर माझं बरं चाललं होतं. हो, एकाच. बाकीच्या डझनभर कथा तोंडी लावायला. लोक यायचे ते 'पमीची गोष्ट' ऐकायला. साडेचार वर्षांची पमी, तिच्या खोड्या, तिचं अचानक आलेलं आजारपण, आणि शेवटी रिकाम्या घरात एकमेकांना सावरणारे तिचे आईबाप. पहिला अर्धा तास माणसं हसून लोटपोट व्हायची आणि नंतरच्या वीस मिनिटांत बायकांचे पदर ओले व्हायचे. चारशेच्या वर प्रयोग झाले होते. मी काही मोठा लेखक नव्हे, पण त्या एका तासापुरता मला कुणी हात लावू शकत नव्हतं.

पमी म्हणजे आमची केतकी. अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात तिला मेंदूज्वर झाला आणि तीन दिवसांत ती गेली. दुसऱ्या वर्षी दिवाळी अंकात माझी कथा छापून आली आणि ती वाचून उज्ज्वला घर सोडून गेली. पुढे कोर्टात दोनदा भेट झाली, तेवढीच.

व्याख्यानमालांची एक रीत असते. वक्त्याला हॉटेलात जेवू घालायचं नाही, मंडळाच्या सभासदांपैकी कुणाच्या तरी घरी पान मांडायचं. त्या रीतीनं मी आजवर शेकडो अनोळखी घरांत जेवलो होतो, शेकडो वहिनींच्या आमटीचं कौतुक केलं होतं. या घरी कसलं कौतुक करायचं ते मला सुचेना.

"हात धुऊन घे. मोरीत पाणी काढून ठेवलंय," ती म्हणाली.

आम्ही समोरासमोर पाटांवर बसलो. तिचे केस पार पांढरे झाले होते आणि ते तिनं रंगवले नव्हते. भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "भाकरी शिकलीस की."

"एकोणीस वर्षं या गावात काढली. शाळेत मुख्याध्यापिका झाले, रिटायर झाले. भाकरी नाही शिकणार?"

"बरी आहेस ना?"

"शुगर आहे. तुला?"

"मला बीपी."

यावर आम्ही दोघंही थोडं हसलो. मला वाटलं, कळलं हिनं कशाला बोलावलंय ते. चौकातल्या फलकावर माझ्या नावाखाली ठळक अक्षरांत 'पमीची गोष्ट' लिहिलेलं मी येताना पाहिलं होतं. आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर ही कथा नको, असं ती म्हणणार. तिचा हक्कच होता तो. मनातल्या मनात मी उत्तर जुळवायला लागलो, आणि तिनं काही म्हणायच्या आत उदारपणे म्हणून टाकलं, "उजू, तुला नको असेल तर आज दुसरी कथा सांगतो मी. माझ्याकडे विनोदी आहेत दोन-तीन. घसा बसलाय म्हणेन."

"नको नको. लोक तीच ऐकायला येणार आहेत. मी स्वतः तीनदा ऐकलीय."

घास माझ्या हातातच राहिला. "तीनदा? कुठं?"

"दोनदा सोलापूरला, एकदा कुर्डुवाडीत. मागच्या रांगेत बसायचे. आणि कॅसेट होती. झिजली ती. मग दुसरी आणली."

कॅसेट झिजेपर्यंत ऐकली. मला एकदम बरं वाटलं, हे कबूल करतो. इतक्या वर्षांनी, इतकं सगळं होऊन, तिलाही कथा आवडली, असं माझ्या मनात आलं. कलावंत म्हणवणाऱ्या माणसाची कातडी कशानं बनलेली असते, देव जाणे.

"म्हणजे तुझा राग गेला," मी म्हणालो.

"कथेचा राग मला कधीच नव्हता." तिनं माझ्या पानात भाकरीचा चतकोर टाकला. "केतकी गेल्यावर सव्वा वर्ष तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. मी समजायचे, याला बोलवत नाही. मग दिवाळी अंक आला, तेव्हा कळलं की तू बोलत होतास, फक्त कागदाशी बोलत होतास. तुझ्या कथेतला नवरा किती चांगला आहे रे! बायकोच्या उशाशी बसून रात्र रात्र जागतो. तिचे केस विंचरून देतो. ते वाचलं तेव्हा तू शेजारच्या खोलीत घोरत पडला होतास."

खोटं काहीच नव्हतं त्यात.

"लोकांना तसा शेवट लागतो," मी म्हणालो.

"लागतो. मीही रडते त्या शेवटाला." ती हे चिडून म्हणाली नाही, आणि म्हणून ते जास्त लागलं. "ते जाऊ दे. जेव. ताक घे अजून."

जेवणं झाली. तिनं पानं उचलली, जमीन पुसून घेतली, बडीशेपेची वाटी मधे ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "मला एक विचारायचंय. त्यासाठीच भांडून घेतलं हे जेवण. त्यातलं खरं किती?"

"कशातलं?"

"पमीच्या गोष्टीतलं."

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. प्रत्येक गावात कुणीतरी विचारतंच. मी खाकरून सुरू केलं, "कसं आहे उजू, वास्तव आणि कलाकृती यांच्यात..."

"ते परिसंवादात सांग. मला हो की नाही, एवढंच हवंय."

"पण तू तिची आई. तुला माहीत नाही?"

ती बडीशेपेचा दाणा बोटांत फिरवत राहिली. "तेच तर," ती म्हणाली. "मला आता कळेनासं झालंय. केतकी आठवायला बसले की ती तुझ्या आवाजात बोलते. तू स्टेजवर कमरेवर हात ठेवून मान वाकडी करतोस ना, तशी उभी राहते. तशी ती खरंच उभी राहायची का, की तू करतोस म्हणून मला दिसतं? विचारू कुणाला? तिला ओळखणारी माणसं जगात आता दोनच. तुझी आई गेली, माझे आईवडील गेले. मोजून सहा फोटो आहेत आणि फोटोत ती बोलत नाही. मला माझी पोर परत हवी आहे, अरविंद. पमी तुला ठेव. माझी वेगळी काढून दे."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी म्हणालो, "विचार."

"कमरेवर हात?"

"ते माझं. कथा सांगताना जमत गेलं."

"पाहुणे जायला निघाले की त्यांची एक एक चप्पल तांदळाच्या डब्यात लपवायची?"

"आमच्या हेडक्लार्कचा मुलगा करायचा तसं. त्याच्याकडनं घेतलं."

तिनं मान हलवली. "साखरभात? म्हणजे आमटी बाजूला सारून नुसत्या भातावर साखर?"

"ते खरं."

"ते मला आठवत होतं," ती घाईनं म्हणाली, आणि परीक्षेत एका प्रश्नाचं उत्तर बरोबर आलेल्या मुलीसारखा तिचा चेहरा उजळला. "आणि पत्रपेटी? बाबा पोस्टात आहेत म्हणून कोपऱ्यावरच्या पत्रपेटीत झाडाची पानं टाकायची, आणि संध्याकाळी तू घरी आलास की विचारायची, माझी पत्रं पोचली का?"

ही माझी सगळ्यांत हुकमी जागा होती. आमच्या धंद्यात 'जागा' म्हणतात, म्हणजे जिथं हशा हमखास येतो ते ठिकाण. ती तयार कशी झाली, तेही मला लख्ख आठवत होतं. इस्लामपूरला प्रयोग होता. सुरुवातीची दहा मिनिटं माणसं दगडासारखी बसलेली. माझ्या तोंडचं पाणी पळालं आणि काहीतरी करायलाच हवं म्हणून ऐन वेळी ती पत्रपेटी तोंडातून आली. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. तेव्हापासून ती कथेतच राहिली.

"नाही, उजू. ते मला सुचलं. इस्लामपूरला."

"टाकायची नाही ती पानं?"

"नाही."

"मी शाळेतल्या बायकांना सांगितलंय ते," ती म्हणाली. "आमची केतकी अशी होती म्हणून. दरवर्षी सांगायचे. बालवाडीत नवीन पोरं आली की सांगायचे."

मला तिचा हात धरावासा वाटला. धरला नाही. एकोणीस वर्षांत तो अधिकार कधीच उडून गेला होता.

"आणि शेवटचं?" तिचा आवाज खाली गेला. "दवाखान्यात ती डोळे उघडते आणि म्हणते, उद्या खाऊ आपल्याकडचा आहे, विसरू नका. बालवाडीत रोज एकाच्या घरून खाऊ जायचा, त्या आठवड्यात आपल्याकडून जायचा होता. ते खरंय. पण ती बोलली का? मी तिथेच होते, अरविंद. तिन्ही दिवस पलंगाला चिकटून होते. मला ठाऊक आहे की तिनं डोळे उघडले नाहीत. आणि तरी मला ऐकू येतं की ती बोलली. सांग ना, बोलली का?"

हो म्हणावं असं फार वाटलं. एक शब्द, आणि एका बाईला तिच्या पोरीचं शेवटचं वाक्य मिळालं असतं. चारशे गावांना मी ते देत आलो होतो. तिला द्यायला जीभ उचलली नाही.

"नाही बोलली," मी म्हणालो. "आपण दवाखान्यात पोचलो तेव्हाच तिची शुद्ध गेली होती."

उज्ज्वला रडली नाही. भिंतीवरून पाठ काढून ती ताठ बसली, पदरानं उगाचच मान पुसली. "बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता असं एक काहीतरी सांग, जे गोष्टीत नाही. तुझ्या कुठल्याच गोष्टीत नाही. एकच पुरे."

मी डोळे मिटून शोधू लागलो. जे हाती येई ते वापरलेलं निघे. तिचं पहिलं पाऊल एका कथेत गेलं होतं, तिचं कान टोचणं दुसरीत, तिचं रबरी बदक आकाशवाणीवरच्या एका भाषणात. लिहिताना नावं बदलली, गावं बदलली, पण शिल्लक काही ठेवलं नाही. पोस्टातली पत्रं असावीत तसं होतं ते, प्रत्येकावर शिक्का पडलेला. पाच मिनिटं गेली असतील. उज्ज्वला घाई करत नव्हती, आणि त्यामुळे मला जास्तच लाज वाटत होती. साडेचार वर्षं पोरगी माझ्या घरात हिंडली आणि माझ्यापाशी तिचं असं काही नव्हतं, जे मी विकलेलं नाही.

आणि मग एक आठवलं.

ते काय होतं, हे मी इथे लिहिणार नाही. बारीकसंच होतं. आम्ही सांगलीत भाड्याच्या घरात राहत होतो, त्या घरातली एक सकाळ, केतकी आणि उज्ज्वला, आणि मी दारातून बघतोय. मी सांगू लागलो, तर दुसऱ्याच वाक्याला तिनं माझा दंड घट्ट धरला.

"अगं बाई! हो! हो रे! रविवार होता. आणि तू हसलास म्हणून ती रुसली होती."

ती रुसल्याचं मी विसरलो होतो. ते उज्ज्वलाचं होतं, तिच्याकडेच राहिलेलं. मग ती पुढचं सांगत गेली, मी त्यात भर घालत गेलो, आणि पाच-सात मिनिटं त्या घरात आम्ही दोघं नवरा-बायको होतो आणि आमची मुलगी आमच्यात बसलेली होती. उज्ज्वला हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते ती पुसतही नव्हती.

"दिसली मला," ती म्हणाली. "तुझा आवाज नाही त्यात. तिचाच आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ही मला दे. ही कुठं सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"लिहू पण नकोस."

"नाही गं. शपथ घेऊ?"

"शपथ नको. तू म्हणालास, तेवढं बास."

तिनं मला चटई अंथरून दिली. पंख्याखाली मी तासभर झोपलो. केतकी गेल्यापासून इतकी शांत झोप मला लागली नव्हती.

कार्यक्रम साडेसहाला, वाचनालयाच्या पटांगणात होता. तीनशे खुर्च्या भरून माणसं कंपाउंडच्या भिंतीवर बसली होती. उज्ज्वला पाचव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. या वेळी ती मागे बसली नव्हती. गुळमिऱ्यांनी माझी ओळख करून देताना 'महाराष्ट्राचे लाडके' वगैरे म्हटलं, टाळ्या झाल्या, मी उभा राहिलो.

सुरुवात झकास झाली. कमरेवरचा हात मी मुद्दाम टाळला. चपलांचा प्रसंग दोन वाक्यांत उरकला. म्हणजे काय, तर मी प्रामाणिकपणा करत होतो. ती समोर बसली आहे, तिला खोटं म्हणून सांगितलेलं तिच्याच तोंडावर कसं सांगायचं? पत्रपेटी तर सांगायचीच नाही, असं मी स्कूटरवरच ठरवलं होतं. चांगलंच ठरवलं होतं. पण कथा सांगणाऱ्याची जीभ त्याच्या मनाला विचारून चालत नाही. चारशे वेळा ज्या वळणावर हशा आला, त्या वळणावर मी आलो, पत्रपेटी गाळली, आणि पुढे एकदम खड्डा. माणसं पुढे झुकून वाट बघतायत. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी हसण्यासाठी ओठ अर्धे उघडून ठेवलेत. इस्लामपूरची ती शांतता पुन्हा माझ्या मानेवर बसली.

आणि मी तो खड्डा भरला.

मी ते सांगितलं. दुपारचं. सगळंच्या सगळं. रविवार होता, इथपासून ती रुसली, इथपर्यंत. मी सांगतोय हे मला कळलंच नाही, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. दुसऱ्या वाक्याला मला कळलं होतं. पण तोवर पटांगण हसायला लागलं होतं, आणि तसलं हसू सुरू झालं की मधेच थांबता येत नाही मला. मी तर रुसण्याची नक्कलही केली. हशा असा उसळला की भिंतीवर बसलेला एकजण खाली पडता पडता वाचला. मग टाळ्या, कथेच्या मधोमध टाळ्या. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

टाळ्या थांबायची वाट बघताना माझी नजर पाचव्या रांगेकडे गेली. उज्ज्वला मांडीवर हात ठेवून बसली होती. आजूबाजूच्या बायका हसून तिच्या अंगावर कलंडत होत्या. ती माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीकडेही नाही. समोर, कुठंतरी माझ्या आणि तिच्या मधे.

उरलेली कथा मी कशी पुरी केली, ते आठवत नाही. सवयीनं झाली असणार. उद्या खाऊ आपल्याकडचा आहे, विसरू नका, हेही बोलून गेलो. बायका रडल्या.

नंतर माणसांनी गराडा घातला. सह्या, फोटो, कुणाच्या तरी नातीच्या डोक्यावर हात. गुळमिरे तर हरखून गेले होते. "सर, ती मधली जागा! मी कॅसेट पाठ केलीय तुमची, त्यात ही नव्हती. आमच्या बार्शीसाठी खास घातली काय?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

गर्दी पांगली. पोरं खुर्च्या दुमडून एकावर एक रचत होती. उज्ज्वला पाण्याच्या पिंपापाशी उभी होती. मी गेलो. वाटलं, ती मुस्काटात मारेल, आणि मारली असती तर फार बरं झालं असतं.

"माझ्या तोंडून निघून गेलं, उजू."

"माहीत आहे."

"मी पत्रपेटी गाळली, तुझ्यासाठी गाळली, आणि मग तिथं..."

"कळलं मला. तू गाळलीस तेव्हाच मला भीती वाटली." तिचा आवाज फार थकलेला होता. "दुपारी तू सांगितलंस तेव्हा मला ती दिसली होती. आता इथं उभी राहून पुन्हा आठवून बघितलं. तर लोक हसताना ऐकू येतात. ती रुसते आणि तीनशे माणसं हसतात."

मला रडू आलं. माझ्या कथेवर मी कधी रडलो नव्हतो, रडणाऱ्यांकडे बघून नेमकं किती थांबायचं ते मोजत आलो होतो. तिनं मला रडू दिलं. समजूत घातली नाही, हातही लावला नाही.

मग म्हणाली, "अजून एखादी आहे?"

आणि काय सांगू, होती. दुपारी एवढं खणून एक सापडली होती, आणि आता पिंपापाशी नाक पुसत उभा असताना दुसरी आपोआप समोर आली. पहिलीपेक्षा स्पष्ट. मी तोंड उघडलं.

"आहे."

"मग सांगू नकोस." तिनं हात वर केला. "मला पण नको. मला दिलीस तर मी ती रोज काढून बघणार, आणि महिन्याभरात तिचंही तेच होईल. तुझ्याकडेच असू दे. कुठंतरी ती जशी होती तशी आहे, एवढं मला पुरेल."

"तुझा माझ्यावर विश्वास आहे?"

"नाही," ती म्हणाली. "पण दुसरं आहे कोण?"

ती गेली. मी त्यानंतर 'पमीची गोष्ट' सांगितली नाही. आयोजकांना तब्येतीचं कारण दिलं. पहिली दोन वर्षं निमंत्रणं येत राहिली, मग लोक दुसऱ्यांना बोलवू लागले. कुणाचं काही अडलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षापासून नऊ फेब्रुवारीला, केतकीच्या वाढदिवसाला, उज्ज्वलाचा फोन येतो. सकाळी आठच्या सुमारास. तब्येत विचारत नाही, हवापाणी बोलत नाही. एवढंच विचारते, "आहे ना?" आणि मी म्हणतो, "आहे." मग ती बरं म्हणून ठेवते.

आणि मी ती जपली. कुणाला सांगितली नाही, कुठं लिहिली नाही, चार लोकांत बसलो असता ओठावर आली तर उठून बाहेर गेलो. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी राखली. पण सांगितलेली गोष्ट बदलते, तशी न सांगितलेली विरत जाते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चार-पाच वर्षांनी तिच्या फ्रॉकचा रंग गेला. मग ती काय म्हणाली, ते शब्द गेले. मी रात्रंदिवस घोकून बघितलं, पण घोकायला लागलो की मी त्यात आपल्या पदरचं घालू लागतो, ते मला लगेच कळतं, आणि मी थांबतो. आता एवढंच उरलंय की जिना होता, बहुतेक दुपार होती, आणि तिच्या हातात काहीतरी होतं. काय होतं, ते आठवत नाही. तिचा चेहरा तर त्या सहा फोटोंतलाच येतो.

या फेब्रुवारीत फोन आला तेव्हा उज्ज्वलाचा आवाज ओळखू येत नव्हता इतका बारीक झाला होता. दवाखान्यातून बोलत होती. तिच्या भाचीनं फोन कानाला धरला असावा.

"आहे ना रे?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "जशीच्या तशी आहे."